वारीत, यात्रेत, चर्चच्या दारात उभा ‘स्वयंसेवक’: त्याच्या हातात नेमका किती अधिकार असतो?

आषाढी वारीत संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसचा मुक्काम उरकून वेळापूरला येते. सोलापूर जिल्ह्यातल्या या गावात त्या एका रात्री माणसांचा पूर येतो. शाळा, मंगल कार्यालयं, शेतं, रस्त्याच्या कडेच्या मोकळ्या जागा, सगळीकडे राहुट्या पडतात. पोलीस असतात, होमगार्ड असतात. पण दोर धरून उभा असलेला, पाण्याच्या टँकरकडे रांग वळवणारा, ‘माउली, पुढं चला’ म्हणत घसा बसवून घेणारा माणूस बहुतेक वेळा गावातलाच एखादा तरुण असतो. अंगात चमकणारं जॅकेट, पाठीवर ‘स्वयंसेवक’ अशी अक्षरं आणि गळ्यात मंडळाचं ओळखपत्र.

अशीच माणसं वेळापूरच्या यादवकालीन अर्धनारीनटेश्वर मंदिरात गर्दीच्या दिवशी दिसतात, उरुसात दिसतात, नाताळच्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेला चर्चच्या फाटकाशी दिसतात. या लोकांशिवाय महाराष्ट्रातला एकही मोठा धार्मिक सोहळा पार पडणार नाही, हे पोलीसही मान्य करतील. अडचण सुरू होते ती पाकीटमार सापडल्यावर, कुणी दारात हुज्जत घातल्यावर किंवा ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे’ असा मेसेज ग्रुपवर पडल्यावर. अशा वेळी स्वयंसेवकाने काय करायचं, याची उत्तरं कायद्यात आहेत. ती बऱ्याच जणांना माहीत नसतात आणि त्याची किंमत कधी समोरचा माणूस मोजतो, कधी स्वयंसेवक स्वतः.

जॅकेट घातलं म्हणजे अधिकार मिळाला का?

नाही. देवस्थान, चर्च कमिटी, दर्गा ट्रस्ट किंवा गणेश मंडळ यांनी दिलेलं जॅकेट आणि ओळखपत्र ही त्या संस्थेची अंतर्गत सोय असते. कायद्याच्या नजरेत तो माणूस साधा नागरिकच राहतो. रांगेतल्या वारकऱ्यापेक्षा त्याच्याकडे एकही जादा अधिकार नसतो.

अधिकार असलेले स्वयंसेवकही असतात, पण त्यांची नेमणूक सरकार करतं. होमगार्ड हे त्यातलं सर्वांत ओळखीचं उदाहरण. डिसेंबर 1946 मध्ये तेव्हाच्या मुंबई प्रांतात हे दल उभं राहिलं आणि 1947 च्या कायद्याने त्याला चौकट मिळाली. कर्तव्यावर बोलावलेल्या होमगार्डला पोलिसांसारखे अधिकार आणि संरक्षण मिळतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 मध्ये आणखी दोन वाटा आहेत. कलम 21 खाली लेखी आदेशाने ‘विशेष पोलीस अधिकारी’ नेमता येतो. कलम 63-ब खाली पोलीस अधीक्षकांना गावासाठी ग्रामसुरक्षा दल स्थापन करता येतं. या सगळ्यांत समान गोष्ट एकच: नावानिशी लेखी नेमणूक. पीएसआय साहेबांनी ‘तुम्ही पोरं जरा लक्ष ठेवा’ असं तोंडी सांगणं म्हणजे नेमणूक नव्हे.

पोलिसांनी जागेवर मदत मागितली तर मात्र गोष्ट वेगळी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 31 नुसार काही प्रसंगांत पोलिसांनी वाजवी मदत मागितल्यास ती देणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य आहे. पळणाऱ्या आरोपीला धरणं किंवा शांतताभंग रोखणं हे असे प्रसंग. तिथे स्वयंसेवक स्वतःच्या मनाने नव्हे, पोलिसांच्या सांगण्यावरून वागत असतो.

पाकीटमार हाताशी सापडला, तर?

इथे बहुतेकांची गल्लत होते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 43 होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत त्याची जागा कलम 40 ने घेतली आहे. त्यानुसार साधा नागरिकही एखाद्याला अटक करू शकतो, पण दोनच परिस्थितींत. एक म्हणजे, त्या माणसाने नागरिकाच्या समोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा केला असेल. दुसरी म्हणजे, तो न्यायालयाने फरार घोषित केलेला गुन्हेगार असेल.

‘समोर’ हा शब्द इथे कळीचा आहे. मागच्या आजीने ‘त्यानंच माझी पिशवी कापली’ असं सांगितलं, पण स्वयंसेवकाने स्वतः काही पाहिलं नाही, तर त्याला अटकेचा अधिकार येत नाही. त्याने त्या माणसावर नजर ठेवावी, वर्णन लक्षात ठेवावं, जवळच्या पोलिसाला बोलवावं किंवा 112 वर फोन करावा.

‘अजामीनपात्र आणि दखलपात्र’ या दोन शब्दांत दुसरी मेख आहे. भारतीय न्याय संहितेत चोरीसाठी कलम 303 आहे. चोरीला गेलेल्या वस्तूची किंमत 5,000 रुपयांपेक्षा कमी असेल तर तो गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरतो. म्हणजे खिशातून 400 रुपये काढताना एखाद्याला डोळ्यांनी पाहिलं, तरी कलम 40 चा आधार स्वयंसेवकाला मिळत नाही. वस्तू परत घेणं आणि पोलिसांना बोलावणं एवढंच हातात उरतं. गर्दीत उभ्या असलेल्या पोराने चोराच्या हातातल्या मोबाइलची बाजारभावाने किंमत काढून मग ठरवायचं, ही अपेक्षा थोडी गमतीचीच आहे. पण कायदा तसा आहे.

मंगळसूत्र किंवा सोनसाखळी हिसकावणं ही वेगळी बाब आहे. नव्या संहितेने कलम 304 मध्ये ‘हिसकावून चोरी’ हा स्वतंत्र गुन्हा आणला. तो दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. वारीच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं कलम 305 आहे. माणसं राहत असलेल्या किंवा सामान ठेवलेल्या इमारतीतून, तसंच तंबूतून चोरी झाली तर त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वारकऱ्याची राहुटी यात बसते. पूजास्थानातली मूर्ती चोरणंही याच कलमात येतं. गर्दीचा फायदा घेऊन महिलेच्या अंगाशी झोंबणाऱ्याला कलम 74 लागू शकतं आणि तोही अजामीनपात्र गुन्हा आहे. अशा घटना स्वयंसेवकाच्या डोळ्यांदेखत घडल्या, तर तो संबंधिताला धरून ठेवू शकतो.

धरल्यानंतर काय? विनाकारण उशीर न लावता आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. वेळापुरात घटना घडली तर वेळापूर पोलीस ठाणं गावातच आहे. सहा तासांची मर्यादा नव्या संहितेने घातली, जुन्या कायद्यात ती नव्हती. ही कमाल मर्यादा आहे, चौकशीसाठी दिलेली सवड नव्हे. मंडळाच्या ऑफिसात बसवून ‘खरं बोल, आणखी कोण आहेत’ असं विचारत दोन तास घालवले, तर ते बेकायदा डांबून ठेवणं ठरू शकतं. त्यासाठी न्याय संहितेच्या कलम 127 मध्ये एक वर्षापर्यंत कैद आहे. नुसता रस्ता अडवला तरी कलम 126 खाली एक महिन्यापर्यंत साधी कैद होऊ शकते.

आणि झडती? नागरी सुरक्षा संहितेचं कलम 49 याबाबत स्पष्ट आहे. नागरिकाने कुणाला अटक केली असेल, तर त्याची झडती तो ज्याच्या ताब्यात दिला जातो तो पोलीस अधिकारी घेतो. स्वयंसेवकाने खिसे उलटे करायचे नाहीत. यामागे साधं व्यावहारिक कारणही आहे. चोरीची वस्तू नंतर कोर्टात पुरावा म्हणून मांडायची असते. ती चार जणांच्या हातून फिरून आली, तर बचावाचा वकील पहिला प्रश्न त्यावरच विचारतो.

राईनपाड्यात काय झालं होतं

1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा हे आदिवासी गाव. आठवडी बाजाराचा दिवस होता. त्या दिवसांत राज्यभर मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे मेसेज फिरत होते. बाजारात आलेल्या पाच परक्या माणसांवर गावकऱ्यांना संशय आला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं गेलं आणि जमावाने तिथे त्यांना मरेपर्यंत मारलं.

त्यांतले बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातले, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे. त्यांचा मुलं पळवण्याशी काहीही संबंध नव्हता. वेळापूर आणि मंगळवेढा यांच्या मध्ये पंढरपूर आहे. वारीच्या वाटेवर फिरणारे बहुरूपी, वासुदेव, डवरी, नंदीबैलवाले हे याच समाजांतले लोक. कुठल्याही यात्रेत स्वयंसेवकाला ‘संशयास्पद’ वाटू शकतील असे चेहरे बहुतेकदा यांचेच असतात.

दोन वर्षांनी, 16 एप्रिल 2020 च्या रात्री, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावात तशाच अफवांच्या वातावरणात दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची जमावाने हत्या केली. चोर येणार या भीतीने त्या भागात गावकरी रात्रीचे पहारे देत होते. म्हणजे सुरुवात ‘गावाच्या सुरक्षेसाठी’ जागणाऱ्या माणसांपासूनच झाली होती.

राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, 17 जुलै 2018 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात जमावाच्या हिंसेविरोधात केंद्राला आणि राज्यांना सविस्तर निर्देश दिले. कायदा हातात घेण्याचा अधिकार कोणत्याही व्यक्तीला किंवा गटाला नाही, हा त्या निकालाचा गाभा होता. आता न्याय संहितेच्या कलम 103(2) मध्ये पाच किंवा अधिक जणांच्या गटाने वंश, जात, समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणांवरून केलेल्या हत्येला फाशी किंवा जन्मठेप आहे. गटातल्या प्रत्येकाला ती लागू होते. ‘मी फक्त धरून ठेवलं होतं’ हा बचाव तिथे चालत नाही.

स्वयंसेवकांच्या बैठकीत दोरी कुठे बांधायची यावर तासभर चर्चा होते. संशयित सापडल्यावर त्याच्याभोवती गर्दी होऊ द्यायची नाही, त्याला आधी जमावापासून वेगळं करायचं, यावर पाच मिनिटंही क्वचितच खर्च होतात. खरं तर त्या क्षणी स्वयंसेवकाचं पहिलं काम त्या संशयिताचाच जीव सांभाळण्याचं असतं.

काठी, शिट्टी आणि वॉकीटॉकी

शिट्टी चालते. काठीचं मात्र तसं नाही. सण, यात्रा, निवडणुकीच्या काळात जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतात. बातम्यांत त्याची एक ओळ येते आणि सगळे ती वाचून विसरतात. या आदेशांत शस्त्रं, सोटे, दंडे, लाठ्या, काठ्या आणि शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू जवळ बाळगायला बंदी असते. अशा आदेशाच्या काळात स्वयंसेवकाच्या हातातली लाठी हा कलम 135 खाली गुन्हा ठरू शकतो. आदेश चालू आहे का आणि त्यात नेमकं काय लिहिलं आहे, हे पोलीस ठाण्यात विचारून घेणं हाच उपाय. गर्दी हाताळायला दोर, बांबूचे अडथळे, हातात हात घालून केलेली साखळी आणि मेगाफोन पुरेसा असतो.

गावात एखाद्या माजी सैनिकाकडे किंवा बागायतदाराकडे परवान्याचं पिस्तूल असतं आणि ‘कमरेला असू दे, जरब राहते’ असा सल्ला कुणीतरी देतो. वैयक्तिक संरक्षणासाठी मिळालेला परवाना म्हणजे देवळाचा किंवा चर्चचा सशस्त्र पहारेकरी होण्याची परवानगी नव्हे. शस्त्र कायद्यात 2019 मध्ये झालेल्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात केलेला गोळीबारही स्वतंत्र गुन्हा ठरवला. त्याच्या व्याख्येत धार्मिक स्थळांचा नावानिशी उल्लेख आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

वॉकीटॉकीचं प्रकरण अनेकांना धक्का देणारं आहे. ऑनलाइन मागवलेला कोणताही संच वापरता येत नाही. 2018 च्या नियमांनी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी शक्तीचे संच परवान्याविना वापरायला मोकळे केले आहेत. त्या पट्ट्याबाहेरच्या संचाला परवाना लागतो आणि तो पोलिसांच्या किंवा अन्य यंत्रणांच्या संदेशवहनात अडथळा आणू शकतो. बेकायदा संचांची विक्री एवढी वाढली की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2025 मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांसाठी त्याबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. घेताना खोक्यावरची फ्रिक्वेन्सी वाचा आणि विक्रेत्याकडे सरकारी मान्यतेचं प्रमाणपत्र मागा.

स्वसंरक्षणाचा हक्क स्वयंसेवकालाही आहे, कारण तो प्रत्येक नागरिकाला आहे. न्याय संहितेची कलमं 34 ते 44 त्याबद्दल आहेत. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या शरीराचं, मालमत्तेचं रक्षण करता येतं. पण पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. हल्लेखोर खाली पडून निपचित झाल्यावर मारलेली लाथ बचावात मोडत नाही. ती कलम 115 खालची मारहाण असते.

खाकी रंग आणि ‘सिक्युरिटी’ हा शब्द

काही मंडळं हौसेने खाकीसारखी पँट, खांद्यावर पट्ट्या, टोपी असा गणवेश शिवतात. इथे सांभाळून. सरकारी नोकर असल्याची बतावणी करणं (कलम 204) आणि तसं भासवण्याच्या हेतूने त्याच्यासारखा पोशाख किंवा चिन्ह वापरणं (कलम 205) हे दोन्ही गुन्हे आहेत. पहिल्यात किमान सहा महिने कैद आहे. कापडाचा रंग हा स्वतःमध्ये गुन्हा नाही, समोरच्याला फसवण्याचा हेतू लागतो. तरी भगवं, पांढरं, फ्लोरोसंट असं काहीही घालता येत असताना खाकीच्या वाटेला जायचंच कशाला?

मग स्वयंसेवकांच्या गटाला खासगी सुरक्षा एजन्सीचा परवाना लागतो का? खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) कायदा, 2005 हा सुरक्षा सेवा पुरवण्याचा ‘व्यवसाय’ करणाऱ्यांसाठी आहे. आपल्याच मंदिराची किंवा चर्चची सेवा म्हणून, पैसे न घेता उभे राहणारे लोक व्यवसाय करत नाहीत. त्यामुळे त्यांना तो परवाना लागत नाही. पण त्याच तरुणांनी पुढे ‘दोन हजार रुपये रोज’ घेऊन इतर यात्रांना माणसं पुरवायला सुरुवात केली की ते एजन्सीच्या व्याख्येत जाऊ लागतात. विनापरवाना एजन्सी चालवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा 25,000 रुपयांपर्यंत दंड आहे. परवानाधारक एजन्सीच्या रक्षकासाठी केंद्राच्या नमुना नियमांत 100 तास वर्गातलं आणि 60 तास प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितलं आहे. ट्रस्टने ‘बाउन्सर’ आणताना एजन्सीचा परवाना पाहणं म्हणूनच गरजेचं ठरतं. महाराष्ट्रात 1981 च्या वेगळ्या कायद्याखाली सुरक्षा रक्षक मंडळंही आहेत आणि तिथून नोंदणीकृत रक्षक मागवता येतात.

हीच सीमारेषा अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने जवळपास अशाच शब्दांत आखली आहे. तिथे सप्टेंबर 2017 पासून चर्चच्या स्वयंसेवक सुरक्षा पथकांना परवान्यातून सूट मिळाली. अटी अशा की मोबदला घ्यायचा नाही आणि ‘सिक्युरिटी’ लिहिलेला गणवेश किंवा बिल्ला लावायचा नाही. डिसेंबर 2019 मध्ये तिथल्या व्हाइट सेटलमेंट गावातल्या चर्चमध्ये बंदूकधाऱ्याने दोघांना ठार केलं, तेव्हा अशाच पथकातल्या एकाने काही सेकंदांत त्याला गोळी घातली. तो व्हिडिओ भारतातही खूप फिरला. त्याखाली ‘आपल्याकडेही असं हवं’ अशा कमेंट करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की टेक्सासमध्ये बंदूक बाळगण्याचा कायदा मुळातच वेगळा आहे. आपल्याकडे गर्दीत जीव जातात ते मुख्यतः चेंगराचेंगरीत.

दारात कुणाला अडवता येतं?

पिशवी तपासू दिल्याशिवाय आत सोडणार नाही, अशी अट ट्रस्ट घालू शकतो. पण ती संमतीवर चालते. नकार देणाऱ्याला प्रवेश नाकारता येईल, त्याची पिशवी ओढून उघडता येणार नाही. महिलेची तपासणी महिलेनेच करायची. म्हणून पथकात महिला नसतील, तर तपासणीची घोषणाच करू नये.

‘तुम्ही आत येऊ शकत नाही’ हे वाक्य कोणत्या कारणाने उच्चारलं जातं, यावर फार काही अवलंबून आहे. साने गुरुजींनी 1947 मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं, तो हाच जिल्हा. त्यानंतर नागरी हक्क संरक्षण कायदा, 1955 आला. अस्पृश्यतेच्या कारणावरून पूजास्थानात प्रवेश नाकारणं त्याखाली गुन्हा आहे आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्यात त्याहून कडक तरतुदी आहेत. महाराष्ट्रात 1956 चा हिंदू सार्वजनिक पूजास्थान प्रवेश कायदाही आहे. शनी शिंगणापूरच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2016 मध्ये याच कायद्याचा आधार घेत महिलांना अडवता येणार नाही असं स्पष्ट केलं. ‘मला वरून सांगितलं होतं’ असं म्हणणाऱ्या स्वयंसेवकालाही ही कलमं सोडत नाहीत. अडवलेलं माणूस नाव त्याचंच सांगतं, कारण दारात तोच उभा असतो.

प्रार्थना चालू असताना कुणी आरडाओरडा केला, तर? शांतपणे चाललेल्या धार्मिक सभेत जाणूनबुजून अडथळा आणणं हा न्याय संहितेच्या कलम 300 खाली गुन्हा आहे, पण तो जामीनपात्र आहे. म्हणजे चर्चच्या किंवा मंदिराच्या स्वयंसेवकांनी त्या माणसाला बाहेर जायला सांगावं, न ऐकल्यास पोलिसांना बोलवावं. त्याला खोलीत कोंडू नये. पूजास्थानाची किंवा पवित्र वस्तूची नासधूस (कलम 298) हा मात्र अजामीनपात्र गुन्हा आहे आणि तो समोर घडला तर कलम 40 लागू होतं. रस्त्यावर गाडी अडवून लायसन्स मागणं किंवा चावी काढून घेणं, हे कोणत्याही स्वयंसेवकाच्या अधिकारात येत नाही.

हरवलेलं मूल आणि व्हायरल फोटो

वारीत मुलं हरवतात, म्हातारी माणसंही हरवतात. मूल सापडलं की ते पोलिसांच्या मदत केंद्रात पोचवायचं किंवा 1098 वर कळवायचं. बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 32 नुसार हरवलेलं मूल सापडल्याची माहिती 24 तासांच्या आत पोलीस, चाइल्ड हेल्पलाइन किंवा बाल कल्याण समितीला देणं बंधनकारक आहे. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘आई सापडेपर्यंत आमच्या घरी राहू दे’ हा विचार चांगल्या मनाचा असतो, पण तेवढ्यात कुणीतरी त्याच घराकडे बोट दाखवून ‘मूल पळवलं’ असं ओरडू शकतं.

मुलाचा फोटो स्वतःच्या स्टेटसला लावण्याची घाई नको. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या किंवा गुन्ह्यात अडकलेल्या मुलाची ओळख जाहीर करायला याच कायद्याच्या कलम 74 ने मनाई केली आहे आणि दंड दोन लाखांपर्यंत आहे. चोरी करताना सापडलेला बारा वर्षांचा पोरगा हाही त्यात येतो. त्याला कान धरून उभं करून काढलेली रील लाखभर लोक पाहतील. काढणाऱ्याविरुद्धचा पुरावाही तीच असेल.

मोठ्या माणसांचं काय? ‘हा चोर, शेअर करा’ अशी पोस्ट टाकली आणि तो चोर निघाला नाही, तर बदनामीचा दावा येतोच. कुणाच्या जातीचा, धर्माचा उल्लेख करून द्वेष पसरेल अशी पोस्ट असेल तर कलम 196 लागू शकतं. घटनेचं चित्रीकरण करायला हरकत नाही, ते पोलिसांच्या उपयोगाचंही असतं. ते पोलिसांना द्यावं, ग्रुपवर नाही.

चेंगराचेंगरी झाली तर कुणाला धरतात?

सातारा जिल्ह्यातल्या मांढरदेवीला 25 जानेवारी 2005 रोजी काळूबाईच्या यात्रेत जवळपास 300 भाविकांचा जीव गेला. डोंगरावरची अरुंद वाट, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि पाठोपाठ दुकानांना लागलेली आग. त्याआधी 27 ऑगस्ट 2003 रोजी नाशिकच्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरीत 39 जण गेले होते. दोन्ही ठिकाणी कुणी हल्ला केला नव्हता.

अशा घटनेनंतर चौकशी आयोजकांपर्यंत, ट्रस्टींपर्यंत येते. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. देवस्थान असो की चर्च, महाराष्ट्रात बहुतेक संस्था 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात, त्यामुळे कागदावर जबाबदार नावं सहज सापडतात. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 खाली जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेल्या सूचना पाळणंही बंधनकारक असतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2014 मध्ये गर्दी व्यवस्थापनावर एक मार्गदर्शिका काढली आहे. ती मोफत मिळते. यात्रा समितीतल्या एका तरी माणसाने ती वाचलेली असावी, ही फार मोठी अपेक्षा नाही. बाहेर पडायची वाट आणि आत यायची वाट वेगळी ठेवणं, बाहेरच्या वाटेवर पूजासाहित्याचे स्टॉल लागू न देणं, एवढ्यानेही बराच धोका टळतो. स्टॉलवाला बहुधा कुणाचा तरी पाहुणा असतो, म्हणून हे काम अवघड होतं.

सोहळ्याआधी करायची कागदपत्रं

पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या नावे अर्ज द्यावा. त्यात कार्यक्रमाची तारीख, अपेक्षित गर्दी, स्वयंसेवकांची नावं, फोन नंबर आणि कोण कुठे उभा राहणार हे असावं. अर्जाची शिक्का मारलेली पोच ट्रस्टच्या फाइलला ठेवावी. ओळखपत्रासाठी आधारची प्रत लागली तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत घ्यावी आणि ती मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये. लहान मुलांच्या किंवा महिलांच्या राहण्याच्या जागी ज्यांना उभं करायचं, त्यांचं पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागवलं तर कुणी राग मानू नये. चर्चमधल्या संडे स्कूललाही हे लागू आहे.

एक साधी वही ठेवावी. कुणाला कधी, कुठे धरलं, का धरलं, पोलिसांच्या ताब्यात किती वाजता दिलं आणि ताब्यात घेणाऱ्या अंमलदाराचं नाव. सहा तासांचा प्रश्न कोर्टात आला, तर ही वहीच बोलते.

स्वयंसेवक स्वतः जखमी झाला तर त्याला कामगारासारखी भरपाई आपोआप मिळत नाही, कारण तो नोकर नसतो. 2023 मध्ये राज्य सरकारने वारकऱ्यांसाठी विमा छत्र योजना जाहीर केली होती, त्यात वारीत मृत्यू झाल्यास पाच लाख रुपयांची तरतूद होती. गावच्या यात्रेला किंवा नाताळला असं काही नसतं. त्या दिवसांपुरता गट अपघात विमा ट्रस्टने काढायचा आणि त्याचा हप्ता हिशेबात दाखवायचा, म्हणजे लेखापरीक्षणात प्रश्न येत नाही.

पालखी महामार्गावर रात्री अपघात झाला आणि स्वयंसेवकाने जखमीला उचलून दवाखान्यात नेलं, तर पोलीस आपल्यालाच अडकवतील ही भीती अजून जात नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये आलेल्या कलम 134-अ ने अशा मदतनिसाला संरक्षण दिलं आहे. चांगल्या हेतूने केलेल्या मदतीत काही चूक होऊन जखमीचा मृत्यू झाला, तरी त्याच्यावर फौजदारी किंवा दिवाणी कारवाई होत नाही. स्वतःचं नाव, पत्ता सांगायची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.